कुरुंद्याच्या रेडिओवरचा पाऊस

सन १९४५च्या माघात कुरुंद्याच्या चावडीत सरकारी रेडिओ आला आणि त्याच्या देखरेखीला रेडिओ-मुन्शी म्हणून माझी नेमणूक झाली. गावानं तोवर माझं कधीच काही ऐकलं नव्हतं. नवव्या दिवशी रेडिओची बॅटरी संपली.

मी रीतसर अर्ज केला. कचेरीचं उत्तर आलं: 'बॅटरी फक्त चालू रेडिओस भरून मिळते. सबब चालू असल्याचा अहवाल पाठवावा. बंद असल्यास रेडिओ परत घेण्यात येईल व मुन्शीची जागा रद्द समजावी.'

नोकरी टिकवायची तर रेडिओ बोलायला हवा होता. रेडिओच्या पाठीमागं भिंतीला एक भोक होतं. मी त्यात रॉकेलचं नरसाळं बसवलं, आणि अहवाल लिहायच्या निमित्तानं मागच्या खोलीत बसून शिळ्या वर्तमानपत्रातल्या बातम्या देऊ लागलो. लोक म्हणाले, आता आवाज साफ येऊन राहिला. मी अहवाल धाडला. कचेरीनं कळवलं, रेडिओ उत्तम चालू असल्यानं बॅटरीची गरज दिसत नाही.

संशय आला तो एकट्या दुकानदार उकंडरावांना. नरसाळं त्यांच्याच दुकानातलं होतं.

"मुन्शीजी, मी कोनाला सांगत न्हाई," ते म्हणाले. "फकस्त बातम्यांच्या मधी माझ्या ताडपत्रीचे दोन शब्द बोलत जा."

अशा रीतीनं आमचं केंद्र व्यापारी झालं. पण दोन शब्दांनी ताडपत्री खपेना. चैत्रात गावभर शिजवलेली हळद उन्हात वाळत होती, तेव्हा उकंडराव पुन्हा आले.

"आता पाऊस सांगा."

"आभाळ तर कोरडं हाय."

"म्हनून तर सांगायचा. खरा येनार असता तर तुमची काय गरज होती?"

मी सांगितला. परवा दुपारपासून, जोरदार. संध्याकाळपर्यंत दुकानात ताडपत्री उरली नाही.

घरी आलो तर बायको, निर्मलाबाई, अर्धवट वाळलेली हळद ढिगात गोळा करून ताडपत्रीखाली झाकत होती. आमचं वर्षाचं सगळं त्या अंगणात होतं.

"आगं, झाकू नको. बुरशी येईल. पाऊस येत न्हाई."

"रेडिओनं सांगितलं ना."

"तो रेडिओ मीच हाय."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि मला नीट न्याहाळलं. "तुमी? आवो, तो मानूस किती ठाम बोलतो. तुमाला भाजी कोनती करू विचारलं तर सांगता येत न्हाई."

मी धावत चावडीत गेलो आणि नरसाळ्यातून पाऊस रद्द केला. बाहेर उकंडराव बसलेच होते. त्यांनी लोकांना समजावलं, "बॅटरी उतरली की रेडिओ असा बरळतो." लोकांना ते पटलं. बॅटरी उतरल्याचं गावाला कळलं ते असं, दोन महिन्यांनी.

पाऊस आला नाही. गावच्या हळदीला बुरशी आली, आमच्याही. निर्मलाबाई आजही म्हणते, त्या रेडिओवाल्या माणसाला कोणीतरी फसवलं असेल, बिचारा खोटं बोलणारा वाटत नव्हता. मला ते ऐकून वाईटही वाटतं आणि थोडं बरंही वाटतं.

ही हकीकत मी गावात तोंडी बारा वेळा सांगितली. कोणी मानली नाही. म्हणून आता छापायला दिली. तुम्ही मला ओळखत नाही, ते नरसाळंही तुम्ही पाहिलेलं नाही, तरी इथवर एकही शंका काढली नाहीत. उकंडराव सध्या छापखान्याची चौकशी करून राहिले आहेत.