एकशे पंचवीस अंशांचा ताप

सकाळी सव्वानऊला, घरूनच इमारतींचे नकाशे काढून देणाऱ्या ड्राफ्ट्समनने कंप्युटर सुरू केला, चहाचा पहिला घोट घेतला आणि तो घोट तोंडातच राहिला. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दाखवणारा एक बारीकसा आकडा असे. गेली चार वर्षं तो पन्नास-पंचावन्नच्या आसपास गुमान बसून होता. आज तिथे एकशे पंचवीस होते.

पाणी शंभराला उकळतं, एवढं शास्त्र त्याला येत होतं. त्याने सरळ प्लगच ओढला.

वेळ मोठी वाईट होती. एका शाळेच्या नव्या इमारतीचा नकाशा संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा होता. वरचा मजला अजून काढायचा होता. ज्या आर्किटेक्टच्या ऑफिसला तो द्यायचा, त्यांच्याकडून मिळालेलं हे पहिलंच काम, आणि “वेळेचे पक्के आहात ना?” असं त्यांनी दोनदा विचारून घेतलेलं. त्याने कंप्युटरवाल्याला फोन लावला.

“एकशे पंचवीस होणारच नाही,” कंप्युटरवाला म्हणाला. “त्याआधीच तो आपोआप बंद पडतो.”

“अहो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

“मग पंखा अडकला असेल. धूळ काढून बघा. मी बाहेर आहे, सहानंतर येतो.”

फोन ठेवला तर दारात सासूबाई उभ्या. हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवड्यांपूर्वी त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. लेक दिवसभर बँकेत, त्यामुळे घरात सासू आणि जावई दोघंच. “जावईबापू, चहा झाला?” “झाला, आई. तुमचा?” याच्यापुढे त्यांची गाडी कधी सरकली नव्हती. दोघंही त्या घरात पाहुणे असल्यासारखे वागत.

“काही बिघडलंय का?” सासूबाईंनी विचारलं.

“विशेष नाही. जरा तापलाय.”

“फार?”

“बघतो.”

सासूबाई गेल्या, म्हणजे पडद्याआड गेल्या. पडद्याखालून त्यांच्या काठीचं टोक दिसत राहिलं.

ड्राफ्ट्समनने कंप्युटरची बाजू उघडली. आत धुळीचा असा थर होता की मेथी पेरली असती तर उगवली असती. त्याने ब्रशने ती सगळी काढली, अकरा वेळा शिंकला आणि कंप्युटर पुन्हा सुरू केला. एकशे बावीस.

“तीन अंशांनी उतरलं,” त्याने फोनवर कळवलं.

“मग पेस्ट वाळली असणार. पंखा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये एक पांढरी पेस्ट असते. मी आल्यावर लावतो. तुम्ही हात लावू नका.”

हात लावू नका म्हटलं की माणसाचा हात कुठे जातो, हे काय सांगायला हवं? त्याने मोबाइलवर शोधलं. कोणीतरी लिहिलं होतं की अगदीच अडलं तर टूथपेस्टने चार तास निभावतं. घरातली टूथपेस्ट निळी, पारदर्शक होती. पांढरी होती ती फक्त सासूबाईंची.

“आई, तुमची टूथपेस्ट जरा मिळेल का?”

“दाढ दुखतेय का?”

“नाही. कंप्युटरला लावायचीय.”

तापात बरळणाऱ्याशी वाद घालायचा नसतो, हे सासूबाई वॉर्डात शिकल्या होत्या. त्यांनी मुकाट्याने ट्यूब आणून दिली.

पंखा निघाला छान. पेस्टही नीट लागली. पंखा परत दाबून बसवताना मात्र ‘कट’ असा आवाज झाला आणि त्याच्या चार प्लास्टिकच्या पायांपैकी एक ड्राफ्ट्समनच्या हातात आला. तरी देवाचं नाव घेऊन त्याने बटण दाबलं. आकडा एकशे चाळीस झाला, एकशे सत्तर झाला, दोनशे दहा झाला आणि स्क्रीन काळा पडला. दुपारचे दोन वाजले होते. तो खाली फरशीवरच बसला.

“गेलं काम,” तो म्हणाला.

पडदा सरकला. सासूबाई आत येऊन खुर्चीवर बसल्या.

“जावईबापू, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“सांगा.”

“पाय ठणकतो, पहाटे झोप येत नाही. तुम्ही उठायच्या आत मी याच्यावर पत्ते खेळते. रोज. आज त्या कोपऱ्यात बावन्न दिसलं. वाटलं, माझ्या खेळण्याने तापला की काय. पण बावन्न म्हणजे कितपत ताप, ते कळेना. आमचे थर्मामीटर फॅरनहाइटचे. तिथे टिचकी मारली तर यादी उघडली, त्यात एफ होता. तो दाबला तर एकदम एकशे पंचवीस. मी घाबरून बंदच करून टाकलं. सकाळपासून जीव खालीवर होतोय.”

ड्राफ्ट्समनने कागद ओढून गणित केलं. एकशे पंचवीस फॅरनहाइट म्हणजे बावन्न सेल्सिअसच. आकड्याला लागून मुंगीएवढं एक अक्षर असे. ते त्याने चार वर्षांत कधी वाचलंच नव्हतं.

“म्हणजे त्याला काही झालंच नव्हतं,” तो म्हणाला.

“नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या. “आता झालंय.”

तो रागवायला गेला, पण त्याला हसूच फुटलं. ते बघून सासूबाईही हसू लागल्या, एका हाताने गुडघा धरून. मग एकाएकी त्यांनी पदर खोचला.

“एकच पाय मोडलाय ना? मग दाबून धरायला माणूस पाहिजे, एवढंच. आडवा पाड त्याला. आणि लाकडी चमचा आण.”

घाईत ‘तुम्ही’ कुठे गळून पडलं ते कोणालाच कळलं नाही. कंप्युटर आडवा झाला. आकडा पुन्हा नेहमीच्या मापात आणला. सासूबाईंनी चमच्याच्या दांड्याने पंख्याचा मोडका कोपरा दाबून धरला आणि स्क्रीनवर नजर लावली.

“एकसष्ट. चौसष्ट. सत्तर. थांब जरा, चढतोय.”

“आई, एवढा जिना होऊ दे.”

“जिना मागून. आधी उतरू दे त्याला.”

अडीच तास हे चाललं. त्यांनी हात बदलला, पण चमचा सोडला नाही. पाचला दहा मिनिटं असताना नकाशा गेला, आणि पाच मिनिटांत ‘मिळाला’ असं उत्तरही आलं.

सहाला बायको आणि कंप्युटरवाला एकदमच दारात आले. कंप्युटरवाल्याने नवा पंखा बसवला. जुना पुसताना त्याने दोनदा वास घेतला, पण काही विचारलं नाही. विचारलं ते बायकोने.

“पण एकशे पंचवीस झालंच कसं?”

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

“माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं,” ड्राफ्ट्समन म्हणाला. “फॅरनहाइट झालं होतं.”

“आणि तेवढ्यावरून तू पंखा मोडलास?”

आता सासूबाई आपल्याकडे कृतज्ञतेने बघतील, असं त्याला वाटलं. सासूबाईंनी मान हलवली.

“मी दारातून सकाळपासून बघतेय ना. समोर काय लिहिलंय ते माणसाने आधी वाचावं. पण याला धीर म्हणून नाही.”

बायको आईकडे बघतच राहिली. तीन आठवडे आईच्या तोंडून तिने नवऱ्याचं फक्त कौतुक ऐकलं होतं, तेही परक्याचं करावं तसं. आई नावं ठेवते ती फक्त घरच्यांना, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

“बरं, आई,” ड्राफ्ट्समन म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

“माझ्यात साखर कमी घाल,” सासूबाई म्हणाल्या. “रोज जास्त होते. बोलले नव्हते इतके दिवस.”