पाण्याहून हलका शनी

सोसायटीच्या विहिरीचा नारळ आबारावांनी तिसऱ्यांदा पुढे ढकलला, तेव्हा त्यांच्या बायकोने, सारजाबाईने, डोक्यावरची घागर दारातच आदळली.

"कोसभर पाणी वाहून मान मोडली माझी! आता काय आडवं आलं?"

"साडेसाती! शनी लई जड हाय मला. म्या कुदळ मारली तर खाली नुसता खडक लागंल."

आबाराव ईट गावाजवळच्या एका वाडीच्या दूध सोसायटीचे चेअरमन. दुष्काळाचा वैशाख, आणि पहिली कुदळ चेअरमननेच मारायची असा ठराव झालेला. म्हणजे चेअरमनच्या मानेवर शनी आणि वाडीच्या मानेवर चेअरमन.

सारजाबाई तडक शाळेच्या मच्छिंद्र गुरुजींकडे गेली. गुरुजींचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नव्हता, पण ग्रहांवर भारी जीव होता. शनिवारी संध्याकाळी ते एक वाळका भोपळा घेऊन डेअरीच्या हौदापाशी आले. भोपळ्याला पत्र्याचे कडे बसवलेले होते. दुधाचे कॅन थंड ठेवायचा हा हौद. वाडीतले साठवणीचे पाणी तेवढेच, तेही बायकांनी डोक्यावरून आणलेले. सगळी वाडी गोळा झाली.

"हा शनी," गुरुजी म्हणाले. "ह्याच्या पोटात आपल्यासारख्या सातशे पृथ्व्या मावतील."

"अगागा! मग जड न्हाय तर काय?" आबाराव म्हणाले.

"न्हाय ना! सगळा वायूच. पाय टेकायला जमीनच न्हाय. ढगातून खाली, आणखी खाली, नुसतं जातच ऱ्हायचं. पाण्याहून हलका हाय तो. तेवढा मोठा हौद घावला, तर तरंगंल."

त्यांनी भोपळा सोडला. तो डुलत तरंगू लागला.

"आन गळ्यातलं कडं?" आबारावांनी विचारले.

"बर्फाचं. खड्याएवढे, घराएवढे तुकडे, लाखभर मैल पसरलेले."

तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकणाऱ्या त्या वाडीने एकदम माना वर केल्या. डोक्यावर तो पिवळसर ठिपका शांतपणे दिसू लागला होता. आबारावांना वाटले, एवढे पाणी गळ्यात घालून हा फिरतो, आणि आपण दर शनिवारी त्याला पळीभर तेल वाहतो!

पण खात्री करून घेतल्याशिवाय मानतील तर ते चेअरमन कसले? कठड्यावरून वाकून त्यांनी दोन्ही हातांनी शनी खाली दाबला. शनी उसळून निसटला आणि आबाराव खाली डोके वर पाय असे हौदात गेले.

"मेलो! पाय टेकंना! जमीनच न्हाय!" भोपळ्याला मिठी मारून ते लाथा झाडू लागले. लाथेगणिक पाणी कठड्याबाहेर उडत होते.

"अवो, उभं ऱ्हावा की!" सारजाबाई ओरडली. "कमरंएवढं पाणी हाय!"

आबाराव उभे राहिले. आता पाणी गुडघ्याएवढेच उरले होते.

कुणी हसले नाही. कॅन थंड राहिले नाहीत तर सकाळपर्यंत साऱ्या वाडीचे दूध नासणार होते. सारजाबाईने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि घागर उचलली. आबारावांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी ती घागर तिच्या हातातून काढून घेतली आणि ओल्या धोतरानेच ते बायकांच्या रांगेत चालू लागले.

कोसभरावरून परत आले ते मान धरूनच. घागर हौदात रिकामी केली आणि म्हणाले, "नारळ आण. कुदळबी आण."

"आज शनिवार हाय," सारजाबाईने आठवण करून दिली.

"असू दे. त्यानं बुडू दिलं न्हाय मला." आबारावांनी वर पाहून हात जोडले. "आन जडच म्हणशील, तर ही घागर जड हाय."