परबकाका फ्रीज उघडतात

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले परबकाका कोणाच्याही घरी गेले की आधी फ्रीज उघडतात. बसा म्हणायचीही सवड देत नाहीत. आम्ही खारघरला राहायला आलो आणि ते पहिल्यांदा घरी आले, तेव्हा मला वाटलं, यांना गार पाणी हवं असेल. मी ग्लास घेऊन उभी आणि हे भाजीच्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घालून वाकलेले. अर्धा दुधी, कालचा भात आणि कुठल्याशा पार्सलबरोबर आलेली चटणी त्यांनी ओट्यावर मांडली.

"ह्याचा काय करूचा?" त्यांनी विचारलं.

"टाकणारच होते," मी बोलून गेले.

त्यानंतर ते तासभर हलले नाहीत. दुधी किसून भातात कालवला, चटणी त्यातच ढकलली, माझ्याकडे बेसन मागितलं आणि वडे थापले. वडे बरे झाले होते, हे कबूल करायला मला जड गेलं. जाताना म्हणाले, "बाजार घरातच आसा, बाय. आधी तो संपव, मगे दुकानात जा."

हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा ऐकलं, की वाण्याकडे जाताना उगाच गुन्हा केल्यासारखं वाटायला लागलं. पिझ्झाबरोबर आलेल्या सॉसच्या पुड्या ते साराला लावत. ओरेगानो थालिपिठात घालत आणि विचारलं तर "ओवोच तो, गोऱ्यांचो" म्हणत. कलिंगड खाल्लं की सालीची भाजी ठरलेली. चार डब्यांच्या तळाशी उरलेल्या चार डाळींची आमटी त्यांनी आमच्याकडे एकदा केली, त्यातली एक डाळ शेवटपर्यंत शिजली नाही. माझा नवरा ती मुकाट्याने दाताखाली फोडत राहिला.

मजल्यावरची बाकीची माणसं आधी हसली, मग सोकावली. महिना संपत आला की "काका, जरा येता का?" असे निरोप यायचे. काकांनी चार दिवस निभावून द्यायचे, मग पगार झाला की यांनी हॉटेलात जेवायला जायचं. तिथे काकांना न्यावं असं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

काका पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कारकून होते. घणसोलीला एका खोलीचा संसार, पगार एक आणि खाणारी तोंडं पाच. शेवटच्या आठवड्यात काकू डबे बोटाने वाजवून बघायच्या, आवाजावरून आत किती उरलंय ते कळायचं म्हणे. त्यावर सहा दिवस काढायचे. "मजा यायची," काका सांगतात. त्यात मजा कसली ते मला कधी कळलं नाही, पण सांगताना त्यांचा चेहरा खरोखरच उजळतो.

काकू गेल्या. घणसोलीची जागा विकली, ते पैसे मुलाच्या या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये घातले. त्या फ्लॅटमध्ये एक बेडरूम मुलाची आणि सुनेची, एक नातवाची आणि तिसरीला सगळे गेस्ट रूम म्हणतात. काका तिथे राहतात.

प्रशांत आणि नेहा, म्हणजे मुलगा आणि सून, वाईट नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट असते तर मला ही गोष्ट सांगणं सोपं गेलं असतं. दोघं घरून काम करतात, कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप. फ्रीजमध्ये एक कोथिंबीर कुजत असताना मोबाइलवरून दुसरी मागवतात आणि ती दहा मिनिटांत दारात येते. काका दोन्ही जुड्या घेऊन आमच्याकडे यायचे आणि वड्या करायचे.

मग ते बरणीचं झालं.

नेहाला घरी पाव करायचा नाद लागला होता. दुकानातलं यीस्ट नाही, तर पीठ आणि पाणी आंबवून केलेलं पावाचं विरजण. त्याला ती स्टार्टर म्हणायची. रोज त्याला पीठ घालायची, फोटो काढायची. काकांना यातलं कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना एका रविवारी फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात एक काचेची बरणी सापडली, आत फसफसलेलं, आंबट वासाचं पीठ. मालवणी माणसाला असं पीठ दिसल्यावर एकच गोष्ट सुचते. त्यांनी त्यात तांदळाचं पीठ आणि मीठ घालून आंबोळ्या केल्या, बरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं. नेहाने तीन खाल्ल्या आणि म्हणाली, "पप्पा, जाळी काय सुंदर पडलीय. पीठ कधी भिजवलंत?"

काकांनी अभिमानाने सांगितलं.

ती ओरडली नाही. "इट्स ओके, पप्पा," म्हणाली आणि खोलीत गेली. संध्याकाळी प्रशांत वडिलांच्या शेजारी येऊन बसला. "पप्पा, तुमी किचनचं टेन्शनच घेऊ नका आता. स्वयंपाकाला मावशी येतील दोन्ही वेळ. काय हवं ते त्यांना सांगायचं, तुमी फक्त आराम करा." इतक्या गोड शब्दांत माणसाला घरात ठेवूनच घरातून काढता येतं, हे नंतर काकांकडून ऐकताना मला कळलं. घराबाहेर काढलं असतं तर निदान चार लोक तरी बोलले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्याकडे आले. फ्रीज उघडला नाही. "तिचा ता विरजण परत करून देतलंय," म्हणाले. "मगे ती माका रांधूक देतली." तेवढंच त्यांना हवं होतं, सुनेच्या ओट्यापाशी उभं राहायला मिळावं.

मी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. त्यातली हसरी मुलगी म्हणाली, रोज अर्धं पीठ काढून फेकून द्या आणि तेवढंच नवीन घाला. काकांनी मला तो भाग तीनदा लावायला सांगितला. आपलीच ऐकण्यात चूक होत असेल, असं त्यांना वाटत होतं.

माझ्या एका बरणीत पीठ-पाणी कालवून त्यांनी ती आमच्याच ओट्यावर ठेवली, पण फेकणं शक्यच नव्हतं. मग रोज ते अर्धं पीठ आमच्या पोटात. धिरडी झाली, भजी झाली, गोड घारगे झाले. नवऱ्याला ॲसिडिटी झाली. पहिल्या बरणीला बुरशी आली तेव्हा काका तिच्याकडे कितीतरी वेळ बघत बसले, मग दुसरी लावली. रोज सकाळी यायचे, बरणी खिडकीशी नेऊन बुडबुडे बघायचे, पीठ घालायचे. "जिता आसा," असं मला सांगून घरी जायचे.

एका सकाळी पीठ फुगून बरणीच्या गळ्यापर्यंत आलं. काका घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मला म्हणाले, "तू पण चल."

नेहाने एका कानाचा हेडफोन बाजूला करून दार उघडलं. बरणी बघून तिला खरंच हसू आलं, प्रेमाने. "अय्या पप्पा, हे कशाला करत बसलात? आम्ही गहू-मैदा कधीच बंद केलाय. ती माझी फेज होती." मग वळून आत म्हणाली, "मावशी, एवढं सिंकमध्ये ओता ना."

मावशी हात पुसत पुढे आल्या. काकांनी बरणी छातीशी धरली. "बरणी ह्यांची आसा," माझ्याकडे बोट करून म्हणाले, "परत देऊची हा." आणि माझ्या आधी माझ्या घरात शिरले.

मला इतका संताप आला होता की मी नेहाला, प्रशांतला, त्या गेस्ट रूमला, सगळ्यांना नावं ठेवली. काकांनी ऐकून घेतलं. "पोरगी वाईट नाय," एवढंच म्हणाले. बरणी ओट्यावर ठेवली, झाकण काढून वास घेतला आणि पीठ कुठाय म्हणून इकडेतिकडे बघू लागले.

"आता कशाला, काका?" मी म्हटलं. "नको आहे ना तिला."

"ता खरा," ते म्हणाले. "पण मगे उद्या सकाळी मी जाव खय?"

मी कणकेचा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला.