मिसाळ डॉक्टरांची दुपार

आमचे मिसाळ डॉक्टर माणूस चेहऱ्याने ओळखत नाहीत, दातांनी ओळखतात. राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीत मी त्यांना नमस्कार केला, तर म्हणाले, "जरा हसा." मी हसले. "हां! सिस्टर, तुम्ही व्हय!" आणि आम्ही एकत्र काम करतोय कित्येक वर्षं.

ते तालुक्याचे दातांचे डॉक्टर, मी उपकेंद्रातली नर्स. लसीकरणाच्या दिवशी ते मुद्दाम येतात आणि आम्हा नर्सना एकच धडा देतात. "सुई टोचली की लगेच पोर आईकडं देऊ नका. आधी ओठ उचला." वरच्या दातांच्या मुळाशी खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर कीड दाराशी आलीय असं समजायचं. तेव्हाच सावरलं तर दात वाचतो. हे सांगता सांगता ते खिडकीबाहेर बघतात आणि तिथेच हरवतात. आम्ही आपल्या पोराचा ओठ धरून वाट बघत बसतो.

एखादी आई म्हणते, "दुधाचेच दात, पडणारच की!" त्यावर डॉक्टर हमखास म्हणणार, "केसही पिकणारच हैत. मंग आजच चुना फासायचा का?"

मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत मी रुख्माच्या पोरीचा ओठ उचलला आणि पांढरी रेघ दिसली. रुख्माच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता ती मजुरीने कापूस वेचते. पोरगी शेतात लिंबाखाली झोळीत, तोंडात साखरेच्या दुधाची बाटली. डॉक्टरांनी दातांना औषधाचा लेप लावला आणि बाटली बंद करायला सांगितलं.

रुख्मा भडकली. "बाटली न्हाई दिली तर ती झोपत न्हाई. ती न्हाई झोपली तर माझी मजुरी बुडती. मंग झोपवायला काय तुम्ही येता?"

"बराबर," डॉक्टर म्हणाले. "मी येतो."

मला वाटलं, बोलाचीच कढी. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांची स्कूटर बांधावर हजर. लिंबाखाली बसून ते झोळीची दोरी ओढत होते आणि अंगाईच्या नावाखाली काहीतरी बेसूर गुणगुणत होते. वेचणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. "डॉक्टर झोळी हलवून राह्यला, बाई!" चहूकडे फुटलेला कापूस, हिवाळ्यातलं दुपारचं ऊन, लिंबाची हलती सावली. मग ते रोजच येऊ लागले. पुष्कळदा आधी डॉक्टरच झोपायचे आणि पोरगी झोळीतून डोकं काढून त्यांच्याकडे बघत राहायची.

वेचणी सरत आली तेव्हा ती बाटलीवाचून झोपायला लागली. मी शेतावर जाऊन ओठ उचलून पाहिला. दात शाबूत होते. मला इतका आनंद झाला, की मीच टाळी वाजवली.

रुख्माही खुशीत होती. "साहेब, आता तिची ती झोपती. उगं तरास कशाला, उद्यापासून नका येऊ."

"बिलकुल," म्हणत डॉक्टर उठले. स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले, पण किल्ली काही फिरवेनात. मी जवळ गेले तर हळूच म्हणाले, "सिस्टर, बायको गेल्यापासून दुपारी घरी जेवायला बसलं की ताटाचाच आवाज येतो बघा. इथं कुणीतरी वाट बघायचं."

मी वळून झोळीकडे पाहिलं.

रुख्माने ते ऐकलं असावं. तिने फडक्यातली भाकर सोडली. "साहेब, तिची बाटली सुटली, पण तुमची सवय लागली. डबा घिऊन इथंच येत जा जेवायला."

डॉक्टर परत लिंबाखाली येऊन बसले. पोरगी गाढ झोपली होती. तरी त्यांनी दोरी हातात घेतली आणि हळूहळू ओढत राहिले.