सोनेरी पत्र्यावर कोलेस्टेरॉल धरिल्याची हकिकत

सकल गुणमंडित वाचकांचे सेवेशी विदित व्हावे की, मनुष्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल नामे एक मातबर, तुपकट असामी वास्तव्य करून आहे, आणि त्यास कोणते प्रथिन हाती धरिते व किती घट्ट धरिते, हे मोजण्याची मोहीम प्रयोगशाळेत धाकट्या बाईंनी शिरावर घेतली, ती येणेप्रमाणे.

धाकट्या बाई म्हणजे शोधप्रबंधाच्या अखेरच्या वर्षातील शिलेदार. त्यांचे शस्त्र बायोसेन्सर यंत्र. त्याचे पोटात नखाएवढा सोनेरी पत्रा, पत्र्यावर दोन गल्ल्या. एकीत प्रथिनांचा पहारा बसविला, दुसरी ताडून पाहण्याकरिता मोकळी ठेविली. वरून कोलेस्टेरॉलचे पाणी सोडावे आणि पहाऱ्याने त्यास धरिले की पडद्यावर रेघ चढावी, असा बेत. परंतु रेघ ढिम्म. मग प्रयोगशाळेच्या धनीण थोरल्या बाई यांचे फर्मान सुटले की, आज सायंकाळपावेतो खरी रेघ न दिसल्यास यंत्र शेजारच्या दालनास द्यावे आणि प्रबंधाचा विषय बदलावा. सारी मेहनत पाण्यात जाते की काय, या धास्तीने धाकट्या बाई पुन्हा यंत्रापुढे जाऊन बसल्या.

तो त्याच सकाळी रेघ एकाएकी उसळली! बाईंनी खुर्चीसह गिरकी घेतली आणि तीर्थरूपांस फोनवर फत्तेची खबर दिली. तीर्थरूपांचे स्वतःचे कोलेस्टेरॉल घराण्यात नामांकित. ते म्हणाले, “अगं, कमी पडलं तर माझं घेऊन जा, डॉक्टर उगाच ओरडतात!” मग बाईंची नजर मोकळ्या गल्लीवर गेली, तो तिथेही रेघ तितकीच वर! पहारा नाही, शिपाई नाही, आणि गनीम भिंतीलाच मिठी मारून बसलेला.

बाई खिन्न होऊन जेवावयास बसल्या. प्लास्टिकचा डबा उघडिला, तो घासूनही कालचा तेलकटपणा जैसे थे. आणि लख्ख उजेड पडला: हे महाशय पाण्यात मोकळे सोडिले की भेटेल त्याच्या गळ्यात पडणार, त्यांस पालखीतूनच नेले पाहिजे. मग तोंडातला घास तोंडातच ठेवून बाई धावल्या, आणि कपाटातून एक जातीची साखर काढिली, जिचा कण कड्यासारखा पोकळ असून कोलेस्टेरॉलास पोटात घेऊन पाण्यातून सुखरूप नेतो. आधी रिकामी पालखी फिरविली. दोन्ही गल्ल्या शांत. मग स्वारीसह पालखी रवाना केली. मोकळी गल्ली सपाट, आणि पहाऱ्याची रेघ चढली, चढली आणि ठरली.

तो थोरल्या बाई मागे येऊन उभ्या. त्यांचा हुकूम जाहला की, आता नुसते पाणी सोडावे. गनीम नुसता चिकटला असेल तर बसून राहील, पहाऱ्याने हाती धरिला असेल तर हळूहळू सुटेल, आणि सुटण्यास किती वेळ घेतो त्यावरून पकड किती घट्ट तेही कळेल. मग जिने आजवर रेघ चढावी म्हणून नवस बोलायचे तेवढे ठेविले होते, तीच बाई पडद्यापुढे हात जोडून पुटपुटू लागली, “उतर गं बाई, उतर!” आणि रेघ संथपणे उतरू लागली. धाकट्या बाईंना आनंदाने रडू कोसळले.

“यंत्र तुझंच,” थोरल्या बाई म्हणाल्या, “आधी डोळे पूस.”

तीर्थरूपांस पुन्हा खबर गेली. “उतरली? म्हणजे हरलीस?” ते घाबरले.

“नाही हो बाबा, उतरली म्हणूनच जिंकले!”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कामगिरीबद्दल डब्यास कपाटात मानाची जागा बहाल केली आहे. तो अद्याप तेलकटच आहे, आणि त्यास घासण्याची कोणास परवानगी नाही.