अंगाचं वाढीव बांधकाम

कमरेचं हाड मोडलेल्या सासूबाईंना एकही पायरी नसलेलं घर मिळावं, म्हणून एका टेलरमास्तरांनी न बांधलेलं घरही बांधल्यासारखं दाखवणारा आभासी चष्मा लावून फ्लॅट पाहिला आणि तिथल्या तिथे घेऊन टाकला. चष्म्यात हॉल एवढा ऐसपैस होता, की मास्तरांनी आनंदाने दोन गिरक्या घेतल्या आणि विक्रेत्याच्या टेबलावरचा पंखा पाडला.

ताबा मिळाला तेव्हा दारापासून तीन पावलांवर खांब निघाला. दोघांच्या कवेत न मावणारा! सासूबाईंचा पलंग अर्धा आत गेला आणि अडकला. डोकं घरात, पाय बाहेर सार्वजनिक व्हरांड्यात. येणारा-जाणारा पायांची खुशाली विचारून पुढे जायचा.

मास्तरांनी इमारत परवानगी कार्यालय गाठलं.

"खांब चष्म्यात दिसतो?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग आपण बोलतोय कशाबद्दल?"

तरीही रीतसर पाहणी झाली. निरीक्षक चष्मा लावूनच आले, कारण मंजूर नकाशा त्यातच होता. ताठ मानेने चालत ते खांबावर आदळले. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. त्यांनी शेरा लिहिला : 'हॉल मोकळा. हवा काही ठिकाणी घट्ट.'

"अहो, डोळे उघडा की!" सासूबाई पलंगावरून ओरडल्या.

"आजी, उघड्या डोळ्यांनी पाहणी करायची तरतूद नाही."

मास्तरांनी अपील केलं. इमारत निर्दोष ठरली. म्हणजे दोष आत राहणाऱ्याचा. तेव्हा मास्तरांचं अंग नकाशाशी ताडून पाहण्यात आलं. आता त्या चष्म्यात माणूस कसा दिसतो, तर हवेत तरंगणारे दोन पंजे. दंड नाहीत, पोट नाही, पायांचा तर पत्ताच नाही.

"मंजूर रहिवासी म्हणजे दोन पंजे," साहेब म्हणाले. "मनगटाच्या मागे तुम्ही जे काही उभारलंय, ते सगळं वाढीव बांधकाम."

"साहेब, चाळीस वर्षं कपडे शिवतोय. शर्ट घट्ट झाला म्हणून गिऱ्हाइकाच्या पोटाला कधी कात्री लावली नाही!"

"म्हणूनच तुमचं दुकान लहान राहिलं, मास्तर."

वाढीव अंग घराबाहेर काढण्याची नोटीस इमारतीतल्या साठही बिऱ्हाडांना गेली. पंधरा दिवसांत सगळी इमारत व्हरांड्यात बसली, ज्याने-त्याने आपापल्या दारातून हात आत घालून. सासूबाईंचं डोकंही अनधिकृत ठरल्यामुळे पलंग ओढून बाहेर काढण्यात आला. मास्तर, बायको आणि सासूबाई मिळून 'सहा पंजे सुखाने नांदतात' असं भोगवटा प्रमाणपत्र त्याच दिवशी हातात पडलं. हातातच पडलं, कारण दुसरं काही मंजूर नव्हतं.

"हात घरात पोचले म्हणायचे, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "उरलेल्या मला आता कुठे ठेवताय?"

मास्तरांनी दारातून आत घातलेले दोन्ही पंजे जोडले.

तुम्ही हसताय? खुशाल हसा. पण हसायला तोंड लागतं, आणि मी तो नकाशा नीट पाहिलाय. तोंड त्यात नाही. टाळ्या वाजवा, तुम्हाला तेवढीच परवानगी आहे.