उकिडव्यांच्या खुर्चीतल्या बाई

उकिडवे नोटीस लिहायचे, आणि लिहून झाली की उभं राहून ती एका रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवायचे.

हे मी कुणालाही सांगितलं की लोक हसतात. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो. दुसऱ्या दिवशी हसलो नाही. कारण वाचून झाल्यावर ते मान किंचित तिरकी करून गप्प उभे राहिले, समोरचं माणूस काय म्हणतंय ते ऐकायला आपण राहतो ना, अगदी तसे. मग हळूच म्हणाले, "नाही. त्यांनी काही विचारलं नाही." आणि चांगला लिहिलेला कागद टराटरा फाडून टाकला.

'त्यांनी' म्हणजे कुणी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी नवा होतो. जयपूरला आरोग्य खात्याच्या प्रचार विभागात चित्रं काढायला मला घेतलं होतं. चांदपोलजवळच्या एका जुन्या हवेलीचा वरचा मजला, त्यात आम्ही दोघेच मराठी. ते शब्द लिहायचे, मी माशा, डास आणि हगवणीने खंगलेली पोरं रंगवायचो. आडनाव उकिडवे, पण नोटीस वाचताना त्यांना कुणी कधी बसलेलं बघितलं नव्हतं. माणूस तसा साधा. कोकणातला, बारीक चणीचा, काळी टोपी, एकटा राहणारा. डोकं मात्र एकाच गोष्टीने खाल्लेलं.

खात्याचा कागद कसा लिहावा याचे त्यांचे स्वतःचे नियम होते. 'एतदर्थ' हा शब्द कुणी वापरला तर ते साप दिसल्यासारखे मागे सरायचे. 'जनता'सुद्धा चालायची नाही. म्हणायचे, मी जनतेला अजून कधी भेटलेलो नाही, तुम्ही भेटलात तर सांगा. एका कागदावर एकच गोष्ट. आणि कुठलंही वाक्य पुढे केलं की ठरलेला प्रश्न: "बरं, मग त्यांनी करायचं काय?" पाणी उकळून प्यावे, असं कुणी लिहून आणलं की झालं. कुणी उकळायचं? कुठल्या भांड्यात? लाकडं कोण देणार, तुमचे साहेब? लिहिणारा बिचारा रडकुंडीला यायचा.

घरीही सुटका नव्हती. माझ्या बायकोने, सुमनने, सत्यनारायणाची चिठ्ठी पाठवली, 'अगत्य येणे करावे'. हे महाशय भर दुपारी दारात हजर. अगत्य म्हणजे किती वाजता, हे लिहिलेलं नाही म्हणाले. सुमनने कपाळाला हात लावला. पण माझे वडील गेले तेव्हा गावाकडून आणि कचेरीतून पत्रांचा ढीग आला, सगळ्यांत 'ईश्वरेच्छा बलीयसी'. उकिडव्यांचा एक चतकोर कागद होता. 'शनिवारी येतो. भाजी घेऊन येतो. बोलायला नको.' आले, भाजी ठेवली, तासभर बसले आणि खरंच एक अक्षर न बोलता गेले. ते पत्र सुमनने जपून ठेवलं.

माझ्या चित्रांचं तर ते मातेरं करायचे. देवीच्या साथीचं पोस्टर करायचं होतं. तिकडे देवीच्या रोगाला माता म्हणतात. मी जीव ओतून अंगभर फोड आलेलं एक मूल काढलं. त्यांनी बघितलं, रंग उडाला चेहऱ्याचा. म्हणाले, "फार सुंदर झालंय. बिघडवा." अहो, मी कलाशाळेत शिकलेला माणूस! चार दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. पण बिघडवलं.

आणि सगळ्यांत विचित्र नियम हा: 'हो' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. "हो म्हणतात ते आपलं मन राखायला, देवधर. कळलं की माणूस विचारतं," असं ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे. म्हणून ते खुर्चीच्या प्रश्नाची वाट बघायचे. कधी कधी प्रश्न यायचाही. मग ते खुशीत कागदावर एखादी ओळ वाढवायचे आणि नोटीस छापायला जायची.

खुर्ची वेताची, जुनी. डाव्या बाजूला वेताचं एक टोक तुटून वर आलेलं. तिच्याशेजारी स्टुलावर पाण्याचा पेला. आमचा चपराशी रामधन रोज तो भरून ठेवायचा आणि खुर्चीला वळसा घालून जायचा. का, म्हणून विचारलं तर शांतपणे म्हणाला, "बाईजी बैठी हैं ना." संध्याकाळी पेल्यातलं पाणी कमी झालेलं असायचं. उन्हाळ्यात ठीक आहे हो, जयपूरचा उन्हाळा घागर सुकवतो. पण पौषातसुद्धा? एकदा तपासणीला आलेला एक जाडजूड इन्स्पेक्टर न विचारता त्या खुर्चीत बसला आणि किंचाळून उठला. वेताचं टोक लागलं असणार. पण तो मात्र, आपण कुणाच्या तरी मांडीवर बसलो, असं शपथेवर सांगत चहाही न घेता गेला.

एका दुपारी मी एकटाच होतो. मला गंमत सुचली. माशांवरचं एक टिपण उचललं, खुर्चीपुढे उभा राहिलो आणि उकिडव्यांची नक्कल करत मोठ्याने वाचलं. वाचून झालं. हवेलीत चिटपाखरू नव्हतं. आणि मला स्पष्ट जाणवलं की समोर कुणीतरी, मला वाईट वाटू नये म्हणून, मान डोलावतंय. कळलेलं काही नाही. नुसतं हो, हो. वेत जरासा करकरला. मी कागद तिथेच टाकून खाली चहाच्या टपरीवर गेलो तो रामधन येईपर्यंत वर चढलो नाही. ते टिपण मी नंतर मुकाट्याने पुन्हा लिहिलं, हेही सांगून टाकतो.

मग एकोणीसशे साठच्या आसपास नवे साहेब आले. मोठे डॉक्टर, त्याहून मोठं हिंदी. होळी झाली होती, शीतळामातेची जत्रा तोंडावर आली होती. गावोगावची माणसं पोराबाळांना घेऊन लोटणार, आणि आसपासच्या गावांत माता आलेली. देवी टोचून घ्या, हे सांगणारी नोटीस तातडीने हवी होती. उकिडवे लिहीत होते, वाचत होते, फाडत होते. खुर्ची काही विचारेना. साहेबांनी शेवटी स्वतःच लिहून पाठवली. 'चेचक एक भीषण संक्रामक व्याधि है, एतदर्थ सर्वसाधारण को सूचित किया जाता है'... पुढचं मला आठवत नाही, कारण तेव्हाही कळलं नव्हतं. उकिडव्यांनी न्यायाला धरून तीही खुर्चीला वाचून दाखवली. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "त्या उठून निघाल्या होत्या. मी थांबवलं."

साहेबांच्या कानावर हे गेलंच. त्यांनी बोलावून सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत तुमचा कागद आला तर ठीक, नाहीतर माझा छापखान्यात जाईल, खुर्ची जळणात आणि तुमची बदली बाडमेरच्या वाळवंटात.

उकिडवे परत येऊन खुर्चीपुढे उभे राहिले. हातात कोरा कागद. माझा मात्र संयम संपला. मी म्हणालो, "अहो, पण ही बाई आहे तरी कोण? मेली आहे का?"

"मेली नाही," ते म्हणाले. "इथून जवळच, चौमूंच्या रस्त्यावरच्या गावात राहते."

मला हसावं की रडावं कळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! म्हटलं, मग तिलाच का विचारत नाही? तेव्हा ते स्टुलाला टेकले आणि सगळं सांगितलं.

आठ-दहा वर्षांपूर्वी, नवीन नोकरीत, ते त्या गावी नोटिसा वाटत गेले होते. नोटीस त्यांचीच, एतदर्थांनी भरलेली, वर कुणीतरी काढलेलं गोंडस मुलाचं चित्र. धापू नावाच्या एका बाईने ती दोन्ही हातांनी घेतली. त्यांनी वाचून दाखवली. ती म्हणाली, हाँ बाबूजी, समझ गई. ते खूश होऊन निघाले. तिने तो कागद भिंतीला चिकटवला, कुंकू लावलं, दिवा लावला. तिला वाटलं, सरकारने घराच्या राखणीला कागद दिलाय. देवी टोचणारे आले तेव्हा तिने दार उघडलं नाही. म्हणाली, आमच्याकडे कागद आहे. तिची दोन नातवंडं होती. एक राहिलं.

"बातमी मला टोचणाऱ्यांनी सांगितली. मी पुन्हा गेलो नाही," उकिडवे म्हणाले. "काय तोंडाने जाणार? म्हणून इथेच बसवतो त्यांना."

पण मी म्हटलं, उद्या सकाळची बस पकडायची, बस्स.

बसमधून उतरून वाळूतून चालत गेलो. उकिडवे वाटेत तीनदा परत फिरले आणि तीनदा मी त्यांना धरून आणलं. घर सापडलं. दार उघडंच होतं. आत अंधार, आणि समोरच्या भिंतीवर तो कागद. कुंकवाचे थर इतके चढले होते की मुलाचा चेहरा पुसून गेला होता, फक्त दोन डोळे तेवढे आमच्याकडे बघत होते. खाली ताजा दिवा. एक तोंडावर वण असलेली तरणी मुलगी चुलीशी होती. तीच वाचलेली नात, केसर. तिच्या मांडीवर तान्हं बाळ. मी त्याचे दंड बघितले. टोचल्याची खूण नव्हती.

धापू काकी खाटेवर बसली होती. नजर अधू झालेली. उकिडव्यांनी टोपी सारखी केली, उभं राहून रात्री लिहिलेला नवा कागद वाचला. साधा, सोपा, चांगला. ती म्हणाली, "हाँ बाबूजी, समझ गई."

उकिडव्यांचा चेहरा मला बघवेना. ते कागदाची घडी घालायला लागले. तेवढ्यात म्हातारी त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाली, की तू तोच ना रे? दुपारी माझा डोळा लागला की तू येतोस. मोठ्या घरात मला खुर्चीवर बसवतोस आणि उभ्याउभ्या काहीतरी वाचतोस. जन्मात मी कधी खुर्चीवर बसले नाही. डाव्या बाजूला फार टोचतं मेलं. पाणी मात्र गार असतं.

मी दाराकडे सरकलो. उकिडवे मात्र, जणू रोजचंच बोलणं असावं तसे, मान लववून म्हणाले, "वेत बदलून घेतो, काकी."

मग बाळाकडे बोट दाखवून तिने विचारलं, "टीका लगाने से माता रूठेगी तो नहीं?"

प्रश्न! उकिडव्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी बाही वर करून आपला दंड तिच्या हाताखाली धरला, तिला जुना वण चाचपू दिला आणि सांगितलं, की टोचलं तर माता नाही रुसत. माझ्या आईनेच टोचवलं होतं. तिने वण पुन्हा चाचपला आणि केसरला सांगितलं, टोचणारा आला की दार उघड, बाळाला पुढे कर. केसरने बाळाला छातीशी घट्ट धरून मान हलवली.

मग म्हातारीने भिंतीकडे तोंड वळवलं. तिला कागद दिसत नसणार, पण कुठे आहे ते ठाऊक होतं.

"या बात उस दिन क्यूं कोनी बताई, बाबूजी?"

त्या दिवशी का नाही सांगितलंस. रागाने नाही विचारलं. नुसतं विचारलं. इतकी वर्षं हा माणूस रिकाम्या खुर्चीपुढे याच प्रश्नाला घाबरत उभा होता, हे मला तेव्हा कळलं.

"उस दिन मुझे बोलना नहीं आता था, काकी," उकिडवे म्हणाले.

ती खाटेवर जरा पलीकडे सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"बैठ," ती म्हणाली. "अब फेर से बांच."

उकिडवे बसले. कागद उलगडून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. ती त्यांना दर ओळीला अडवत होती, कधी टोचायचं, ताप येतो का, जत्रेला न्यायचं की नाही, आणि ते डोळे पुसत एकेक उत्तर माझ्या पेन्सिलीने त्याच कागदावर लिहून घेत होते. साहेबांची मुदत संध्याकाळची, माझं सगळं लक्ष बसच्या वेळेकडे होतं, पण त्यांना उठवायचं मला धाडस झालं नाही.